विहित नमुन्यातला अर्ज

वांद्र्याची ख्याती ज्यांच्यामुळे आहे ती माणसं पश्चिमेला राहतात. पूर्वेला उतरणारी माणसं वेगळी. त्यांच्या काखेत प्लास्टिकचं फोल्डर असतं. त्यात आधार, पॅन, रेशनकार्ड, लाइट बिल, शाळा सोडल्याचा दाखला, या सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स, आणि असावेत म्हणून चार पासपोर्ट साइझ फोटो. मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी शहर जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्याचं मुख्यालय वांद्रे पूर्वेला, त्यामुळे बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या माणसाला आपण म्हणजे आपणच आहोत हे सिद्ध करायचं असेल तर अधूनमधून इथे यावं लागतं. जिल्हाधिकारी कार्यालय इथे, म्हाडाचं गृहनिर्माण भवन इथे, कौटुंबिक न्यायालय बीकेसीत. उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाचं भूमिपूजनही २०२४ मध्ये इथेच, शासकीय वसाहतीच्या जागेवर झालं. जात, जमीन, घर, लग्न आणि लग्नाचा शेवट, यातलं काहीही काढा. स्टेशनबाहेर शेअर रिक्षात चौथा माणूस म्हणून बसायचं आणि पुढे जाऊन कुणाला तरी मूळ प्रत दाखवायची.

मी अशाच एका कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो. कोणत्या ते सांगत नाही, पेन्शन व्हायची आहे अजून. खिडकीबाहेरची माणसं आमच्याविषयी काय बोलतात ते मला पाठ आहे, कारण काचेला बोलण्यासाठी जे गोल भोक असतं त्यातून आवाज दोन्ही बाजूंना जातो. पण आमच्या बाजूने एक सांगायचं राहून गेलंय, आणि ते सांगायला मला पायथन शिकावं लागलं.

चिरंजीव डिप्लोमाला आहेत, कॉम्प्युटरला. ज्या घरात डिप्लोमाचा विद्यार्थी असतो त्या घरात सबमिशनच्या आठवड्यात सगळेच डिप्लोमाला असतात. मी फायली बांधतो, त्याची आई इंडेक्स लिहिते, आणि तो झोपलेला असतो. राज्यभरच्या डिप्लोमाचा अभ्यासक्रम ठरवणारं महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळही वांद्र्यातलंच, खेरवाडीला शासकीय तंत्रनिकेतनाच्या इमारतीत. नंदुरबारच्या पोराने पायथनचा कोणता धडा आधी शिकायचा हे आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ठरतं. मंडळाच्या आय स्कीममध्ये ‘प्रोग्रॅमिंग विथ पायथन’ हा विषय, क्रमांक २२६१६, सहाव्या सेमिस्टरला ठेवला होता. त्यात सहा युनिट. आधी ओळख, मग ऑपरेटर, मग लिस्ट आणि डिक्शनरी, फंक्शन, क्लास, आणि सगळ्यांत शेवटी, सहाव्या युनिटात, फाइल हाताळणी आणि एक्सेप्शन हाताळणी.

शेवटच्या युनिटचं महाराष्ट्रात काय होतं हे ज्याने परीक्षा दिली आहे त्याला सांगायला नको. सर ते घाईत उरकतात आणि पोरं ते ऑप्शनला टाकतात. म्हणजे माहिती जपून कशी ठेवावी, ठेवलेली परत कशी वाचावी आणि वाचताना घोळ झाला तर काय करावं, या तिन्ही गोष्टी एका अख्ख्या पिढीने ऑप्शनला टाकलेल्या आहेत. (मंडळाचा यात दोष नाही. फाइल पहिल्या युनिटात घातली असती तर पोरांनी व्हेरिएबल ऑप्शनला टाकले असते.)

तर, आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदारांनी ठरवलं की यंदा वर्गणीचा हिशेब कॉम्प्युटरवर. प्रोग्रॅम चिरंजीव लिहिणार, म्हणजे त्याचा प्रोजेक्टही होईल. हे काम एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होईल असं मी म्हणालो. दोघांनीही ऐकू आलं नाही असं दाखवलं.

पहिली आवृत्ती देखणी होती. खोली क्रमांक, नाव आणि रक्कम विचारायची आणि प्रत्येक नोंदीनंतर ‘गणपती बाप्पा मोरया’ छापायची. खजिनदारांनी एका संध्याकाळी पस्तीस नोंदी भरल्या, खिडकी बंद केली आणि जेवायला गेले. जेवून येतात तो एकही वर्गणीदार नाही.

“अरे, माझी पस्तीस माणसं कुठे गेली?”

“काका, ती रॅममध्ये होती.”

खजिनदार मंत्रालयात नोकरीला. त्यांनी रॅम कोणत्या मजल्यावर आहे असं विचारलं.

मग दुसऱ्या आवृत्तीत यादी फाइलमध्ये लिहायला सुरुवात झाली. लिहिणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग. सरकारात नोकरी केलेला कुणीही शपथेवर सांगेल की जावक सोपी, आवक अवघड. चिरंजीवांनी अख्खी लिस्ट उचलली, तिची एक लांबलचक अक्षरमाळ केली आणि फाइलीत ओतली. उघडून पाहिलं तर कंस जागेवर, स्वल्पविराम जागेवर, नावं जागेवर, हुबेहूब लिस्ट. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमने ती फाइल वाचली आणि जाहीर केलं: एकूण वर्गणीदार ४३१२.

आमच्या सहा इमारतींत मिळून शंभर बिऱ्हाडं नाहीत. तरी खजिनदार क्षणभर खूश झाले. प्रत्येकी पाचशे एकचा हिशेबही त्यांनी मनातल्या मनात केला असावा, कारण त्यांनी ढोलपथकाचं नाव काढलं. झालं एवढंच होतं की फाइलीतून परत आली ती लिस्टसारखी दिसणारी अक्षरं होती, लिस्ट नव्हे. मोजायला सांगितल्यावर पायथनने इमानदारीत प्रत्येक अक्षर, प्रत्येक कंस आणि प्रत्येक मोकळी जागा मोजली. वर्गणीदारांत तीनशे स्वल्पविराम होते.

आता या अक्षरांची पुन्हा लिस्ट कशी करायची? कॉलेजातल्या कुणा मित्राने मंत्र दिला, इव्हॅल. एक शब्द. तो अक्षरांपुढे लावायचा की पायथन त्या अक्षरांना आपलाच प्रोग्रॅम समजतो आणि चालवून दाखवतो. लिस्ट लिहिली असेल तर लिस्ट तयार. चिरंजीवांनी लावला, आकडा बरोबर आला, आणि घरात अर्धा किलो पेढे आले.

इथे मी माझा मुद्दा सांगतो. समजा, माझ्या खिडकीवर कुणी अर्ज दिला की ‘तरी मेहेरबान साहेबांनी कपाट क्रमांक तीनमधील सर्व फायली रद्दीत घालाव्यात, ही विनंती.’ मी काय करीन? अर्जावर शिक्का मारीन, आवक क्रमांक घालीन, पोच देईन आणि पुढच्याला हाक मारीन. इव्हॅल उठेल आणि कपाट उघडेल. अर्ज वाचायचा असतो, पाळायचा नसतो, हे आमच्यातला अगदी नवखा कनिष्ठ लिपिकही पहिल्या आठवड्यात शिकतो. आणि इव्हॅल वापरणारा केवळ आमचा चिरंजीवच आहे असं नाही. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत इनपुट नावाची जी साधी सोय होती तीसुद्धा माणूस जे टाइप करील ते चालवून बघायची. तुम्ही रक्कम विचारा, समोरच्याने रकमेच्या जागी हुकूम टाइप करावा, आणि यंत्राने ‘जी’ म्हणावं. २००८ च्या डिसेंबरात तिसरी आवृत्ती आली तेव्हा ही खोड मोडली.

चिरंजीव म्हणाला, “बाबा, पण फाइल तर मीच लिहिली आहे. माझ्याच फाइलवर मी अविश्वास का दाखवू?”

हा प्रश्न मी खिडकीवर रोज ऐकतो. ‘साहेब, माझाच दाखला आहे, माझ्याच घरातून आणलाय.’ घरातून निघून खिडकीपर्यंत येईस्तोवर त्या दाखल्याला किती हात लागले ते दाखला सांगत नाही. मंडळाची फाइल तर व्हॉट्सॲपवर हिंडत होती. ‘वर्गणी फायनल’, ‘वर्गणी फायनल नवीन’, ‘वर्गणी फायनल नवीन खरी’. नोटपॅडमध्ये उघडून कुणीही काहीही लिहावं. आणि लिहिलं. तिसऱ्या इमारतीतला एक पोरगा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा, याने दोन वर्गणीदारांच्या मध्ये एक ओळ घुसडून फाइल ग्रुपवर परत टाकली. रविवारच्या सभेत खजिनदारांनी, अध्यक्षांच्या उपस्थितीत, यादी उघडली. यादीआधी ब्राउझर उघडला आणि लॅपटॉपवर लावणी सुरू झाली. आवाज पूर्ण होता. बंद कसा करायचा हे कळेपर्यंत एक कडवं झालं आणि मागच्या खुर्च्यांवरून ‘राहू द्या’ अशी सूचना आली.

पोरगा चांगल्या घरचा, म्हणून लावणीवर भागलं. त्या जागी फोल्डर पुसणारी ओळ लिहायला त्याला जास्त श्रम पडले नसते.

इव्हॅलचा एक सज्जन भाऊ आहे, लिटरल इव्हॅल. तो आकडे, अक्षरं, लिस्ट, डिक्शनरी आणि तत्सम साध्या वस्तूच मान्य करतो आणि कुणी हुकूम सोडला की एरर देऊन मोकळा होतो. चिरंजीवांनी तो वापरला असता तर प्रकरण मिटलं असतं. पण तेवढ्यात कुणीतरी त्याला पिकल दाखवलं.

पिकल हा प्रकार पायथनबरोबरच येतो आणि नवशिक्याला वेड लावतो, कारण तो सहसा कशालाही नाही म्हणत नाही. लिस्ट द्या, तारीख द्या, स्वतः लिहिलेल्या क्लासची वस्तू द्या. सगळं जसंच्या तसं फाइलीत ठेवतो आणि जसंच्या तसं परत देतो. नोटपॅडमध्ये उघडलं तर काही कळत नाही, म्हणून चिरंजीवांना वाटलं की आता ही भानगडच नको, फाइल सुरक्षित. न कळणारा कागद सुरक्षित असतो हा समज सरकारातही फार जुना आहे. वस्तुस्थिती अशी की पिकलच्या फाइलीत वस्तू नसते, वस्तू कशी उभी करायची याच्या सूचना असतात. वाचणारा त्या सूचना एकेक करून अमलात आणतो. त्या सूचनांत ‘अमुक फंक्शन बोलाव’ अशीही सूचना असू शकते, आणि ते अमुक फंक्शन कपाट क्रमांक तीनचंही असू शकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर तो अर्ज नाही, जीआर आहे. जो कारकून साध्या अर्जाला चार त्रुटी काढतो तोच ‘वरून आदेश आहे’ म्हटल्यावर कागद उलटा धरला आहे की सुलटा तेही बघत नाही.

पायथनच्या अधिकृत माहितीत पिकलच्या पानावर अगदी वरच ताकीद दिलेली आहे: हे सुरक्षित नाही, ज्यावर विश्वास आहे तीच फाइल उघडा. ती ताकीद किती जण वाचतात ते लिफ्टमधली सूचना किती जण वाचतात यावरून ठरवावं. नवशिक्यांचं सोडा, कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं बनवणारे थोर लोक वर्षानुवर्षं आपली मॉडेलं पिकलमध्ये बांधून एकमेकांना पाठवत होते, आणि घेणारे कुणाच्या कुणाच्या फायली उघडत होते. पायटॉर्च नावाचं त्यांचं जे मुख्य हत्यार आहे त्याने जानेवारी २०२५ मध्ये, २.६ या आवृत्तीत, पहिल्यांदा असा नियम घातला की न सांगता फक्त आकडे वाचले जातील. बाकीचं हवं असेल तर स्पष्ट मागा. एवढ्या उशिरा का होईना, त्यांच्याकडे खिडकी बसली.

मी म्हटलं, “चिरंजीव, आमच्याकडे विहित नमुना असतो. तुमच्याकडे नाही का?”

आहे. त्याचं नाव जेसन. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन गृहस्थांनी या शतकाच्या सुरुवातीला तो चलनात आणला आणि आता सगळं इंटरनेट त्याच्यावर चालतं. त्यात मावणाऱ्या गोष्टी हाताच्या बोटांवर: अक्षरं, आकडे, हो-नाही, रिकामी जागा, यादी, आणि नाव-किंमत अशी जोडी. हुकूम नाही. लावणी नाही. जेसन वाचणारा फक्त वाचतो. त्याला कुणी ‘कपाट उघड’ असं लिहून पाठवलं तर ‘कपाट उघड’ अशी अक्षरं आली एवढीच तो नोंद घेतो. मला हा माणूस पहिल्या भेटीतच आवडला.

आणि शिस्तीला कडक. एकेरी अवतरणचिन्ह चालणार नाही, दुहेरीच हवं. यादीच्या शेवटच्या नोंदीनंतर जादा स्वल्पविराम दिला की अर्ज परत. मात्र परत करताना कितव्या ओळीत, कितव्या स्तंभात, सुरुवातीपासून कितव्या अक्षरावर घोडं अडलं ते सांगतो. हे आमच्या खात्यात नाही हे मान्य करायला हवं. आम्ही ‘त्रुटी आहेत, पूर्तता करून आणा’ एवढंच म्हणतो, आणि कोणत्या ते माणसाला तिसऱ्या फेरीत आपोआप कळतं.

नमुना ठरलेला असला की नमुन्यात न बसणाऱ्या गोष्टींचं काय हा प्रश्न येतोच. जेसनला तारीख कळत नाही. ७ सप्टेंबर २०२४ ही गणेश चतुर्थी आपल्याला कळते, त्याला अक्षरांत लिहून द्यावी लागते, आणि वाचताना तिची पुन्हा तारीख करावी लागते. मराठीचं वेगळंच. न सांगता सोडलं तर पायथन जेसन लिहिताना प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक घालतो. खजिनदारांनी फाइल उघडली तर ‘गणेश’ या नावाच्या जागी तिरपी रेघ, यू, शून्य नऊ एक सात, पुन्हा तिरपी रेघ असं काहीबाही. “याने गणपतीलाच नंबर दिला,” म्हणत ते वर आले. माहिती सुखरूप होती, माणूस नव्हता. ती सोय बंद केली तर विंडोजने मराठी लिहायलाच नकार दिला. फाइल उघडताना यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगितल्यावर ऐकलं. हा सगळा प्रकार एका ओळीचा आहे आणि त्याने दोन संध्याकाळी खाल्ल्या.

बारा नंबरच्या खोलीतल्या आजोबांचं प्रकरण त्याहून नाजूक. त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गणी दिली होती, रोख, पावती घेऊन. तरी त्यांच्या नावाने आठवणीची चिठ्ठी निघाली. चिरंजीवांनी डिक्शनरीत खोली क्रमांकाखाली नोंद ठेवली होती, आकडा म्हणून. जेसनच्या नमुन्यात जोडीतलं नाव नेहमी अक्षरांतच लागतं, म्हणून फाइलीत गेलेला बारा परत येताना अवतरणचिन्हात आला. माणसाच्या लेखी बारा तो बाराच. पायथनच्या लेखी आकडा बारा आणि अक्षरी बारा हे दोन वेगळे भाडेकरू. प्रोग्रॅमने आकडी बारा शोधला, सापडला नाही, चिठ्ठी काढली. आजोबा पावती घेऊन आले, वर मूळ प्रत आणि खाली झेरॉक्स. वांद्र्याचा माणूस.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो ती. प्रोग्रॅम खजिनदारांच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा चालवला तेव्हा तिथे फाइल नव्हतीच, नवीनच लॅपटॉप. पायथनने लाल अक्षरांत सांगितलं की फाइल सापडत नाही. चारचौघांत लाल अक्षरं आली की पोरांना फार लागतं. चिरंजीवांनी रातोरात इलाज केला. ट्राय लिहिलं, त्याखाली फाइल वाचायची ओळ. मग एक्सेप्ट लिहिलं, त्याखाली पास. अर्थ असा की वाचून बघ, आणि काही झालं, काहीही झालं, तर तोंडातून अवाक्षर काढू नकोस, रिकामी यादी घे आणि पुढे चाल. लाल अक्षरं कायमची गेली. खजिनदार म्हणाले, आता कसा शहाण्यासारखा वागतोय.

कचेरीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. फाइल उघडलेलीच नाही, ही एक. फाइल आहे पण जागेवर नाही, ही दुसरी. फाइल जागेवर आहे पण पावसात भिजून पानं एकमेकांना चिकटली आहेत, ही तिसरी. बाहेरच्याला तिन्ही वेळा आम्ही ‘उद्या या’ म्हणतो ते सोडा, पण आत तिन्हीचे शेरे वेगळे आणि मेमो वेगवेगळ्या माणसाला. पहिल्या वेळी नवी फाइल उघडायची. दुसऱ्या वेळी शोधायची. तिसऱ्या वेळी हात लावायचा नाही, साहेबांना बोलवायचं. भिजलेली फाइल कचऱ्यात टाकून त्याच नंबरावर कोरी फाइल उघडणारा कारकून मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही, आणि कसले कसले कारकून मी पाहिले आहेत! एक्सेप्ट-पास नेमकं हेच करतं.

खजिनदारांना यादीत एका आडनावाचं शुद्धलेखन खटकलं. त्यांनी फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘गवळी’चा ‘गावडे’ केला आणि करताना एक स्वल्पविराम पुसला गेला. जेसनने नियमाप्रमाणे अर्ज नाकारला. कोणत्या ओळीत काय चुकलं ते सांगणारा सविस्तर शेराही त्याने लिहिला होता, पण एक्सेप्टने तो गिळला. पडद्यावर आलं: एकूण वर्गणीदार शून्य. खजिनदारांना वाटलं, अजून लोड होतंय. त्यांनी तोवर हातातली एक नोंद भरली आणि प्रोग्रॅम बंद केला. बंद होताना यादी साठवायची असते. प्रोग्रॅमने ती साठवली, एका माणसाची, जुन्या फाइलीवर. त्या क्षणापर्यंत शहाण्णवच्या शहाण्णव नोंदी तिथे धडधाकट होत्या, एका स्वल्पविरामाने लंगडत.

गणपती आठ दिवसांवर. व्हॉट्सॲपवरच्या ‘फायनल नवीन खरी’मध्ये बऱ्याच नोंदी निघाल्या, बाकीच्या पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींवरून भरल्या. त्या रात्री चिरंजीव आणि मी पहाटेपर्यंत बसलो. टेबलाच्या दोन बाजूंना, मधे काच नाही एवढंच.

मी नियम सांगत गेलो, तो लिहीत गेला. फाइल नाही अशी एरर आली तर आणि तरच रिकामी यादी. जेसन वाचता येत नाही अशी एरर आली तर थांब, ओळ क्रमांकासकट मोठ्याने सांग, बिघडलेल्या फाइलीला ‘खराब’ आणि तारीख असं नाव देऊन बाजूला ठेव, आणि माणसाने बघितल्याशिवाय काही साठवू नको. बाकी कोणतीही एरर आली तर ती लाल अक्षरांतच येऊ दे. लाज वाटली तरी चालेल.

मग त्याने मला एक गोष्ट सांगितली जी ऐकून माझीच झोप उडाली. लिहिण्यासाठी म्हणून फाइल उघडली की पायथन आधी ती कोरी करतो आणि मग लिहायला घेतो. म्हणजे मधल्या क्षणी जुनं गेलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. त्या क्षणी वीज गेली तर? मुंबईत वीज जात नाही यावर आपला विश्वास रिझर्व्ह बँकेवर आहे तेवढा आहे. पण १२ ऑक्टोबर २०२० ला, सोमवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, अख्ख्या मुंबईची गेली होती आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. आमच्याकडे कच्चा मसुदा पूर्ण होऊन सही झाल्याशिवाय जुना आदेश रद्द होत नाही. पायथनमध्येही ती सोय निघाली. नवी यादी आधी दुसऱ्या नावाच्या कच्च्या फाइलीत पूर्ण उतरवायची, मग ओएस रिप्लेस म्हणायचं, की ती एका झटक्यात जुनीच्या जागेवर बसते. वीज आधी गेली तर जुनी शाबूत, नंतर गेली तर नवी शाबूत.

एवढं झाल्यावर पोराला वाटलं संपलं. पण नमुना बरोबर भरला म्हणजे मजकूर बरोबर भरला असं नव्हे. वयाच्या रकान्यात ‘हो’ लिहिलेले अर्ज मी पाहिले आहेत. आमच्या फाइलीत रकमेच्या रकान्यात काय काय आहे हे बघायची तोवर कुणाला गरज वाटली नव्हती. बेरीज मारायला गेलो तेव्हा पायथनने आकड्यात अक्षरं मिळवता येत नाहीत असं सांगून हात टेकले. म्हणून शेवटचं कलम घातलं. प्रत्येक नोंद वाचताना तपासायची. खोली क्रमांक आहे का, रक्कम आकडाच आहे का, शून्याहून मोठी आहे का. जी बसत नाही तिच्यामुळे अख्खी यादी अडवायची नाही आणि तिला गुपचूप गाळायचंही नाही. ‘बाजूला ठेवलेल्या नोंदी’ या मथळ्याखाली कारणासकट दाखवायची.

पुढच्या सभेत खजिनदारांनी यादी उघडली. लावणी लागली नाही म्हणून मागच्या रांगेत थोडी निराशा पसरली. एकूण जमा बरोबर आली. मग त्यांनी, पडद्यावर आहे ते वाचायचं या सरळ भावनेने, खालचा मथळाही मोठ्याने वाचला. खोली एकतीस, रक्कम: ‘गणपतीनंतर’. खोली अठरा, रक्कम: ‘साहेब गावाला’. खोली चव्वेचाळीस, रक्कम: ‘५०१ तोंडी’. खोली सात, रक्कम: उणे एकशे एक, हे गृहस्थ गेल्या वर्षीच्या जेवणाचे पैसे वळते करून घेत होते. एकेक खोली वाचली जाई तसा सभागृहात एकेक खिसा चाचपला जाई. तिघांनी तिथल्या तिथे दिले, एकाने जीपे केला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल अशी काळजी घेतली.

शेवटची नोंद खोली एकची होती. रक्कम: ‘आपलंच मंडळ आहे’.

खोली एकमध्ये अध्यक्ष राहतात. खजिनदारांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सचिवांनी प्रसादाचा विषय काढला, तो सगळ्यांनी उचलून धरला. सभा संपल्यावर खुर्च्या लावायच्या गडबडीत अध्यक्षांनी चिरंजीवांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जिन्याकडे नेलं.

“प्रोग्रॅम छान केलास, बाळ. ते तू आधी काहीतरी घातलं होतंस ना, एक्सेप्ट आणि पास... ते एका खोलीपुरतं ठेवता येतं का?”